बेळगावला कधी जावं?

आपल्या मंडळातलं कुणी ना कुणी दरवर्षी मला विचारतं, "बेळगावला दोन दिवस जाऊन बघण्यासारखं काय आहे?" मी किल्ला सांगतो, किल्ल्यातली कमल बस्ती सांगतो, कुंदा आणायला विसरू नका म्हणतो. पण खरं म्हणजे कुठं जायचं यापेक्षा कधी जायचं हे आधी विचारायला हवं. ठरावीक रात्री आमचं अख्खं गाव रस्त्यावर येतं. त्यातली एक तरी गाठावी.

माझी आवडती रात्र शिवजयंतीच्या चित्ररथांची. महाराष्ट्रात सरकारी जयंती 19 फेब्रुवारीला असते. आमच्याकडे मोठा उत्सव वैशाख शुद्ध द्वितीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, आणि मग एक-दोन दिवसांनी मिरवणूक. तृतीयेला बसवेश्वर जयंती, म्हणजे कर्नाटकात सरकारी सुट्टी! तिला दोन रजा जोडून मी बंगळूरहून रात्रीची रेल्वे पकडतो.

चित्ररथ म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्यावर गल्लीतली पोरं शिवचरित्रातला प्रसंग सजीव उभा करतात. महिनाभर रोज संध्याकाळी तालीम. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले, पोरं त्यावर ओठ हलवतात. नववीत असताना मी मावळा झालो होतो. वाक्य एकही नाही, नुसतं भाला धरून उभं राहायचं. रात्री आठला चढलो, पहाटे चारला उतरलो. मारुती गल्लीतच मिशी गळून पडली. दुतर्फा बायका-पोरं सतरंज्या अंथरून बसलेली, आणि बाबा ट्रॉलीच्या कडेनं चालत मधूनमधून पाण्याची बाटली वर देत होते.

हल्ली काही मंडळं देखाव्याऐवजी डॉल्बी लावतात. देखाव्याला पंचवीस पोरं महिनाभर लागतात, डॉल्बीला नुसते पैसे. मी यावर एकदा तावातावानं बोललो, तर मंडळाचा कार्यकर्ता शांतपणे म्हणाला, "पोरं कुठं हाईत? तू तरी कुठं हाईस?" मी गप्प.

गर्दी सोसत नसेल तर हिवाळ्यात या. सुगी संपली की कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, कथाकथन, कविसंमेलन. समोर बसलेले निम्मे श्रोते शेतकरी. 1946 साली बेळगावच्याच अखिल भारतीय संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. सीमाभागात साहित्य संमेलन हा नुसता करमणुकीचा कार्यक्रम नसतो, तो का, हे त्यावरून कळेल. आई निपाणीची, तिला विचाराल तर ती संत बाबामहाराज चव्हाणांच्या नावाशी जोडलेला तिथला उरूस सांगेल, ज्यात हिंदू-मुसलमान दोघंही आपलाच म्हणून राबतात. तिच्यापुढं बेळगावचं कौतुक चालत नाही.

यंदा बाबांना गुडघ्यांमुळं मिरवणुकीबरोबर चालवलं नाही. ओळखीच्या एका दुकानाच्या कट्ट्यावर खुर्ची टाकून बसले. शेजारी माझी सात वर्षांची मुलगी. तिचं मराठी अर्धं इंग्रजी, अर्धं कन्नड. प्रत्येक रथाला ती विचारायची, "आजोबा, व्हॉट इज हॅपनिंग?" आणि बाबा सांगायचे. पन्हाळा, पावनखिंड, आग्रा. अडीचच्या सुमारास तिनं विचारलं, "आजोबा, आता काय झालं?"

तेवढ्यात तोच कार्यकर्ता आला. "पुढच्या वर्षी हिला बालशिवाजीच्या सवंगड्यांत घेऊ की. पर महिनाभर तालमीला सोडाय लागंल."

एप्रिलमध्ये तिची शाळा सुटते. तिचं आणि बायकोचं जायचं ठरलंय. मला तेवढी रजा नाही, मी मिरवणुकीपुरता जाईन. पाण्याची बाटली घेऊन.