तानिया लेओन : स्वरकार आणि कंडक्टर

मंचावर सत्तर-ऐंशी वादक बसलेले असतात, प्रत्येकापुढे लिखित स्वरांचे कागद असतात आणि मधोमध एक व्यक्ती श्रोत्यांकडे पाठ करून उभी असते. ती स्वतः एकही वाद्य वाजवीत नाही. पाश्चात्य अभिजात संगीतातील ‘कंडक्टर’ तो हाच. आपल्याकडे गवई रागाचा विस्तार मैफलीतच करतो. तिकडे स्वरकार प्रत्येक वाद्याचा स्वर आधी लिहून ठेवतो आणि लय व तोल सांभाळून तो सर्वांकडून वाजवून घेण्याची जबाबदारी कंडक्टरवर असते. हे अधिकाराचे स्थान आहे. म्हणूनच तेथे कोणी उभे राहावे, हा प्रश्न केवळ संगीताचा उरत नाही. स्वरशास्त्रात आमची गती बेताचीच. परंतु इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या प्रश्नात आम्हांस रस आहे.

तानिया लेओन यांचा जन्म १९४३ साली क्यूबाच्या हवाना शहरात, साध्या परिस्थितीच्या कुटुंबात झाला. आफ्रिकी, स्पॅनिश, फ्रेंच, चिनी असे अनेक वंश त्यांच्या घराण्यात मिसळलेले. नातीचा कान ओळखला तो आजीने. चौथ्या वर्षीच तिने तिला पियानो शिकावयास घातले. पुढे संगीताबरोबर हिशेबशास्त्राचेही शिक्षण झाले. पियानोवादक होण्याची आस घेऊन १९६७ साली त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा इंग्रजी भाषाही त्यांच्या हाताशी नव्हती.

एके दिवशी आजारी मैत्रिणीच्या बदली त्या हार्लेममधील नृत्यवर्गात पियानो वाजविण्यास गेल्या. (१९१३ साली बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, त्याला लागूनच ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे.) तेथे आर्थर मिचेल या कृष्णवर्णीय नर्तकाशी त्यांची भेट झाली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर, आपल्या वस्तीतील मुलांसाठी बॅलेचे विद्यालय काढावयाचे, असे मिचेल यांनी ठरविले होते. १९६९ साली ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ उभे राहिले आणि तानिया त्याच्या पहिल्या संगीतप्रमुख झाल्या. १९७१ मध्ये ही मंडळी इटलीतील स्पोलेतो महोत्सवास गेली असता, पूर्वी कधीही न केलेले वाद्यवृंदाचे संचालन त्यांनी आग्रहाखातर केले. रीतसर शिक्षण नंतर झाले; आधी संधी, मग अभ्यास! गुणवत्ता सिद्ध करा, मग संधी मागा, असे आपल्या मुलांना सुनावणाऱ्यांनी हा क्रम जरूर पाहावा.

१९७९ साली त्या क्यूबाला परतल्या आणि आपल्या रचना वडिलांना ऐकविल्या. वडिलांनी विचारले की, यात तू कोठे आहेस? थोड्याच काळात वडील वारले. प्रश्न मागे राहिला. त्यानंतर बालपणी कानांवर पडलेले क्यूबाचे ताल त्यांच्या लेखनात उतरू लागले. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीचे खरे वळण हेच, पारितोषिके नव्हेत.

मात्र ‘कृष्णवर्णीय स्वरकार’, ‘स्त्री स्वरकार’ ही बिरुदे त्यांनी सातत्याने नाकारली आहेत. आपले मूळ रचनेत मिरवावे, पण इतरांनी ते आपल्या नावाला चिकटवू नये, ही भूमिका काहींना विसंगत वाटेल. आम्हांस वाटत नाही. एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्या वसतिगृहातील मुलीने प्रथम क्रमांक मिळविला, तेव्हा निवेदकाने तिच्या नावाआधी तिचा प्रवर्ग उच्चारला होता. टाळ्या वाजल्या, मुलगी खाली पाहत राहिली. तिने आपल्या भाषणात स्वतःच्या वस्तीविषयी अभिमानाने सांगितले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

अमेरिकेतील स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या १९२० च्या घटनादुरुस्तीच्या शताब्दीनिमित्त न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने एकोणीस स्त्री स्वरकारांकडून रचना मागविल्या. त्यांतील तानिया यांची ‘स्ट्राइड’ फेब्रुवारी २०२० मध्ये प्रथम सादर झाली व २०२१ साली तिला पुलित्झर पारितोषिक लाभले. नावाचा अर्थ दमदार पाऊल. मताधिकारासाठी झगडलेल्या सुझन अँथनी यांचे चरित्र वाचून ते सुचले. तथापि दक्षिणेतील कृष्णवर्णीय स्त्रियांना मतपेटीपर्यंत पोहोचण्यास १९६५ चा कायदा व्हावा लागला. कागदावरील हक्क आणि हाती आलेला हक्क यांतील अंतर आपल्या वाचकांस सांगावयास नको.

ही रचना सुमारे पंधरा मिनिटांची आहे व मोबाईलवर सहज ऐकावयास मिळते. प्रथम ती तुटक, अनोळखी वाटेल. मध्ये तुताऱ्यांचा घोगरा आवाज येतो, तो लुई आर्मस्ट्राँगची आठवण करून देतो. शेवटी घंटा वाजू लागतात. तोवर बंद करू नये.