क्षयाच्या गाठीतील संदेश

क्षयाने मेलेल्या गिनी-पिगच्या फुप्फुसात लहान लहान करड्या गाठी आढळतात. रॉबर्ट कॉख याने १८८२ साली क्षयजंतूचा शोध जाहीर केला तो अशाच गाठी तपासून. ही गाठ केवळ रोगाची खूण नव्हे. ती शरीराने जंतूंभोवती घातलेला वेढा होय. या वेढ्यातील मुख्य शिपाई म्हणजे जंतूंना गिळणाऱ्या महाभक्षी पेशी.

वेढा टिकतो तो संदेशांवर. महाभक्षी पेशीच्या पृष्ठभागावर टीएलआर-२ नावाचा ग्राहक असतो. जंतूच्या आवरणाचा त्यास स्पर्श होताच आतील प्रथिने एकामागून एक जागी होतात, वर्दी केंद्रकापर्यंत पोहोचते आणि पेशी टीएनएफसारखी संदेशवाहक प्रथिने बाहेर सोडते. १९८९ साली बीसीजी जंतू टोचलेल्या उंदरांत हे टीएनएफ निष्प्रभ करताच गाठी विरल्या व जंतू फोफावले.

मग क्षयजंतू या वेढ्यात वर्षानुवर्षे तग कसा धरतो? याचे एक उत्तर कोलकात्यात मिळाले. जगदीशचंद्र बसूंनी १९१७ साली स्थापिलेल्या विज्ञानमंदिरात, म्हणजेच बोस इन्स्टिट्यूटमध्ये, ज्योती बसू, मणिकुंतला कुंडू व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली उंदरांच्या महाभक्षी पेशींवरील प्रयोग प्रसिद्ध केले. जंतू ईसॅट-६ नावाचे चिमुकले प्रथिन स्रवतो. ते त्याच टीएलआर-२ ग्राहकास चिकटते आणि आतील साखळीच्या पहिल्या दोन कड्या जुळू देत नाही. वर्दी दारातच अडते! नवल असे की, या कामास सबंध प्रथिन लागत नाही. टोकाची सहा अमिनो आम्ले पुरतात.

हे प्रयोग काचपात्रातील पेशींवरचे होते, हे विसरू नये. प्रत्यक्ष गाठीत याच प्रथिनाची निराळी करामतही दिसते. क्षयजंतूच्या एका भाईबंदाने ग्रासलेल्या झेब्रा माशांच्या पिलांत ते नव्या महाभक्षी पेशी गाठीकडे ओढून आणते व जंतूला ताजे आश्रयस्थान मिळवून देते, असे २०१० साली आढळले. म्हणजे वेढा घालणाऱ्यांचीच रसद शत्रूच्या कामी येते.

गाईच्या क्षयजंतूपासून काल्मेत व गेरँ यांनी तेरा वर्षे खपून बीसीजी लस सिद्ध केली, तेव्हा जंतूतून ईसॅट-६ चे जनुक गळून गेले होते. लस निरुपद्रवी झाली त्याचे हे एक मोठे कारण. मात्र शत्रूच्या या शस्त्राची ओळख ती शरीरास करून देत नाही. या उणिवेचा एक लाभही झाला. जुन्या ट्युबरक्युलिन चाचणीत लस टोचलेला व जंतुबाधा झालेला यांत गफलत होई. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या, भारतात २०२२ साली मान्यता मिळालेल्या त्वचाचाचणीत ईसॅट-६ वापरतात. त्यामुळे केवळ बीसीजी घेतलेल्याच्या हातावर गांधी उठत नाही.