वैद्यसहायक आणि विशेषज्ञतेची मोहोर

डॉक्टर नसूनही रुग्ण तपासणारा, निदान करणारा आणि औषध लिहून देणारा ‘फिजिशियन असिस्टंट’ हा वर्ग अमेरिकेत टंचाईच्या पोटी जन्मास आला. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात रुग्णसेवा केलेल्या चौघांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला; त्यांतील तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. आज पदवीनंतर साधारणतः सव्वादोन वर्षांत असा सहायक तयार होतो. डॉक्टरांच्या घडणीस लागणारा काळ पाहता ही बचत लहान नव्हे.

परंतु या वर्गाचे खरे आर्थिक मोल त्याच्या मोकळिकीत आहे. अस्थिरोगाच्या विभागात काम करणारा सहायक उद्या तातडीच्या विभागात रुजू होऊ शकतो; शल्यचिकित्सकाला असे शाखांतर करायचे तर पुन्हा काही वर्षे उमेदवारी करावी लागेल. ज्या शाखेत मागणी, तिकडे श्रम वळावेत, ही बाजारपेठेची अपेक्षा वैद्यकात इतकी सहज क्वचितच पुरी होते.

या मोकळिकीवर २०११ साली विशेषज्ञतेची मोहोर उमटू लागली. या वर्गाला प्रमाणपत्र देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने हृदय व वक्ष शल्यक्रिया, तातडीची सेवा, मूत्रपिंडविकार, अस्थिशल्य आणि मनोविकार या पाच शाखांपासून आरंभ केला. पुढे आणखी शाखांची भर पडली. उमेदवाराजवळ सर्वसाधारण प्रमाणपत्र व परवाना हवाच. शिवाय त्या शाखेतील दीर्घ प्रत्यक्ष अनुभव, त्याविषयी जाणत्या सहकाऱ्याची ग्वाही, चालू शिक्षणाचे तास आणि अखेरीस १२० प्रश्नांची परीक्षा. इतके करून कायद्याने अधिकचा एकही हक्क मिळत नाही. प्रमाणपत्र सर्वस्वी ऐच्छिक आहे.

मग हा खटाटोप कशासाठी? केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की, वैद्यकात ग्राहकाला मालाची पारख नसते. रुग्णाला, आणि पुष्कळदा नेमणूक करणाऱ्यालाही, गुणवत्तेची काही खूण लागते. ती खूण परीक्षेइतकीच अनुभवावर आधारलेली असावी, हे या योजनेतील शहाणपण होय.

तथापि ऐच्छिक गोष्टी ऐच्छिक राहत नाहीत, असा अनुभव आहे. नोकरीच्या जाहिरातीत प्रथम ‘प्राधान्य’ येते, मागाहून ‘आवश्यक’. येथे तर मोठीच अडचण आहे. प्रमाणपत्रासाठी त्या शाखेतील अनुभव हवा, आणि उद्या त्या शाखेत शिरण्यासाठीच प्रमाणपत्र मागितले गेले, तर नवख्याने अनुभव मिळवावा कोठे? शहरातील मोठी रुग्णालये कदाचित निभावून नेतील. विरळ वस्तीच्या परगण्यात मात्र रात्री एकच सहायक मुलाचा ताप, मोडलेला हात आणि छातीतील कळ पाहत असतो. त्याने किती प्रमाणपत्रे गोळा करावीत? डॉक्टरांच्या टंचाईवर काढलेला तोडगा अशा वेळी स्वतःच टंचाईत सापडेल.

भारतानेही २०२१ च्या सहायक आरोग्य व्यवसायविषयक कायद्यात या वर्गाचा समावेश केला आहे, म्हणून अमेरिकेतील हा अनुभव दुरून पाहण्यापुरता नाही. विशिष्ट विभागात प्रमाणित सहायक हवा असेल, तर रुग्णालयाने आधी होतकरू माणसाला तेथे घ्यावे, देखरेखीखाली काम द्यावे आणि परीक्षेचे शुल्क व अभ्यासाच्या सुट्टीचा खर्च आपल्या खात्यावर टाकावा. खुणेचा लाभ रुग्णालयाला होणार असेल, तर तिची किंमत एकट्या नोकराने का द्यावी?