धूर वजा केल्यावर: अनपीटेड सिंगल माल्ट कशी पारखावी

ताप्ती लाइनवर उधन्याहून निघालेली गाडी चलथाणला येते तेव्हा, गाळप हंगाम असेल तर, स्टेशनाच्या पाटीआधी वास येतो. उकळत्या उसाच्या रसाचा, मग बगॅसचा, आणि वारा फिरला की मळीचा. इथल्या सहकारी साखर कारखान्याने गावातल्या प्रत्येकाचं नाक असं फुकटात तयार करून ठेवलं आहे. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे व्हिस्की चाखण्यावर चलथाणहून लिहिणं विनोदी वाटेल. पण व्हिस्कीची पारख बरीचशी नाकाने होते आणि नाकाच्या तालमीला परवाना लागत नाही. जीभ मात्र गोव्यात न्यावी लागते.

धूर असणं आणि नसणं

बार्ली, म्हणजे आपले जव, भिजवून त्यांना कोंब आणतात आणि कोंब पुढे वाढू नये म्हणून ते वाळवतात. हाच माल्ट. स्कॉटलंडात पूर्वी वाळवण्यासाठी पीट जाळत. दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर कापून, सुकवून केलेलं हे जळण. त्याच्या धुरातली फिनॉलं दाण्यात मुरतात. माल्टमधलं त्यांचं प्रमाण दशलक्षात किती भाग, असं मोजतात. आयला बेटावरच्या आर्डबेगच्या माल्टमध्ये ते साधारण 55 असतं. अनपीटेड माल्ट वाळतो तो धुराविना, गरम हवेवर.

खानदेशी वाचकाला हे भरताच्या वांग्यावरून चटकन कळेल. काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरतात धुराचा वास इतका पुढे असतो की वांगं थोडं जून निघालं तरी खपून जातं. तेच वांगं नुसतं वाफवलं की बी, कडवटपणा, गोडी सगळं उघडं पडतं. आयलावरचीच कल ईला ही डिस्टिलरी धुरकट माल्टसाठी प्रसिद्ध आहे. पण 2006 पासून तिच्या अनपीटेड मर्यादित आवृत्त्याही अनेकदा निघाल्या. भट्ट्या त्याच, फक्त धूर वजा. रसिकांना कुतूहल असतं ते याचंच: धुराखाली मूळ अर्क कसा आहे?

स्कॉच कुणाला म्हणायचं

2009 च्या ब्रिटिश नियमांनुसार स्कॉच स्कॉटलंडातच गाळलेली आणि तिथेच किमान 3 वर्षं, 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरलेली हवी. मद्यार्क किमान 40 टक्के. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये गाळलेली. 'सिंगल' हा शब्द डिस्टिलरीबद्दल आहे. बाटलीत अनेक पिंपांचं मिश्रण असू शकतं.

म्हणून गोव्याची सिंगल माल्ट कितीही चांगली असली तरी ती स्कॉच नव्हे. आणि आपल्याकडे व्हिस्की या नावाने विकला जाणारा बराचसा माल मळीपासून काढलेल्या मद्यार्काचा असतो, वर थोडी माल्ट. युरोपात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही. चलथाणच्या नाकाला तो ओळखीचा वाटला तर नवल नाही!

'मर्यादित आवृत्ती' वाचताना

हे दोन शब्द कायद्याने बांधलेले नाहीत. म्हणून लेबलावर चार गोष्टी शोधाव्यात.

1. बाटल्यांची संख्या. दोनशे असेल तर माल बहुधा एकाच पिंपातला. संख्याच दिली नसेल तर 'मर्यादित' हा शब्द सजावटीचा समजावा.
2. पिंप कोणतं. बर्बनचं पिंप व्हॅनिला आणि नारळाकडे नेतं, शेरीचं मनुका आणि सुक्या अंजिराकडे.
3. मद्यार्क आणि गाळणी. पाणी घालून व्हिस्की 46 टक्क्यांच्या खाली आणली की थंडीत गढुळते. ते टाळायला थंड करून गाळतात. त्यात थोडा तेलकटपणा आणि चव जाते. म्हणून अनेक कंपन्या 46 वर थांबतात.
4. रंग. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला परवानगी आहे. गडद रंग म्हणजे जुनी व्हिस्की, हा हिशेब सोडून द्यावा.

कुंकळ्ळीचं ऊन

दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीजची भट्टी आहे. त्यांची 'पॉल जॉन' सिंगल माल्ट 2012 मध्ये पहिल्यांदा लंडनच्या बाजारात उतरली. त्यांच्या 'ब्रिलियन्स' (46 टक्के) आणि 'क्लासिक सिलेक्ट कास्क' (55.2 टक्के) या दोन्ही अनपीटेड आहेत. धुरकट प्रकारासाठी पीट मात्र स्कॉटलंडहून येतं.

मुरताना पिंपातून जे उडून जातं, त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडात तो वर्षाला सुमारे 2 टक्के, गोव्यात 8 किंवा त्याहूनही जास्त. 200 लिटरचं पिंप घ्या. सहा वर्षांनी तिकडे सुमारे 177 लिटर उरेल, आपल्याकडे 8 टक्क्यांनीच 121. म्हणजे 750 मिलीच्या जेमतेम 161 बाटल्या. उष्णतेमुळे लाकडातला रसही लवकर उतरतो. त्यामुळे गोव्याची सहा वर्षं आणि स्कॉटलंडची बारा यांची आकड्यावरून तुलना करू नये.

चाखण्याची रीत

पेला तोंडाशी निमुळता असावा. बर्फ नको, थंडीने वास मिटतो. प्रत्येकी 15 मिली पुरे, आणि एका बैठकीत तीनपेक्षा जास्त नकोत. शेजारी साधं पाणी, बिनमिठाचं बिस्किट आणि थुंकायला भांडं. जाणकार थुंकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पेला हनुवटीपाशी धरून हळूहळू वर आणावा. तोंड किंचित उघडं ठेवलं की मद्यार्क नाकात झोंबत नाही. पहिला घोट जीभ सरावण्यापुरता. मत दुसऱ्यावर बनवावं. तो दहा सेकंद तोंडात फिरवावा. मग पाणी. दोन वेगळ्या तीव्रतेच्या व्हिस्क्यांची तुलना करायची तर त्या एका पातळीवर आणाव्यात: 55.2 टक्क्यांच्या 30 मिलीत 6 मिली पाणी, म्हणजे चमचाभराहून थोडं जास्त, घातलं की 46 टक्के होतात.

माझ्या वहीत 'ब्रिलियन्स'पुढे नोंद आहे: 'मध, काकवी, दालचिनी, शेवट कोरडा.' 'क्लासिक'पुढे: 'पाण्याआधी नुसती आग, पाण्यानंतर संत्र्याची साल.' तिथे काकवी सुचली ती कुंकळ्ळीमुळे नव्हे, चलथाणमुळे.

गुण देताना

प्रचलित पद्धत 100 गुणांची: वास, चव, घोटानंतर रेंगाळणारी चव आणि समतोल, प्रत्येकी 25. अनपीटेड माल्टला शेवटच्या दोन रकान्यांत कडक असावं. चांगली असेल तर घोटानंतर मिनिटभराने चव बदललेली जाणवते. कच्ची असेल तर उरते फक्त जळजळ आणि लाकडाचा तुरटपणा. किंमत आणि बाटल्यांची संख्या गुण लिहून झाल्यावर पाहावी, आधी नाही.

घरची तालीम

गुजरातच्या हद्दीत परवान्याशिवाय बाटली बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे गोव्याहून परत येते ती वहीच. मधल्या काळात मी आठ डब्या वापरतो: गूळ, मध, खारीक, मनुका, दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि तव्यावर भाजलेले जव. घरच्या कुणीतरी क्रम बदलायचा, मी डोळे मिटून ओळखायचं. खारीक आणि मनुका यांत मी अजूनही चुकतो. तोवर कुठल्याही बाटलीला शेरीच्या पिंपाचे जादा गुण द्यायचे नाहीत, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.