गुणवत्ता कशाला म्हणायचे?

मी शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी मैदानावर क्रिकेट. दोन्हीकडे मुलांचे दोन वर्ग दिसतात. एकाच्या घरी पुस्तक आहे, बॅट आहे, चुकले तर समजावणारा बाप आहे. दुसरा वीटभट्टीवरून थेट येतो. त्याला चुका करण्याइतकाही वेळ मिळत नाही. निवडीच्या दिवशी पहिला 'गुणवान' ठरतो. प्रत्यक्षात मोजला जातो तो आजवर साठलेला सराव.

चांभार समाजातले पालवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नोकरीला होते. नेटमध्ये फलंदाजी साहेबांनी करायची आणि चेंडू बाळूंनी टाकायचे, तासन्‌तास. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात याच बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. जे हाती पडले त्यात ते निष्णात झाले. बॅट हाती पडली असती तर? तरीही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले.

म्हणून निवडीआधी मी एवढेच विचारतो: या पोराला आजवर किती चेंडू खेळायला मिळाले? उत्तर 'थोडे' असेल, तर आधी त्याला चेंडू द्या. यात दया कसली? हा साधा हिशेब आहे.