एक शब्द, पाच भूमिका

बालमित्रांनो, 'प्लीज वॉटर द प्लँट्स' या वाक्याचा अर्थ सांगा पाहू! 'वॉटर म्हणजे पाणी' एवढंच पाठ केलं असेल, तर 'कृपया पाणी झाडे' असं काहीतरी विचित्र तयार होईल आणि परीक्षेत आपली विकेट पडेल. इथे 'वॉटर' हे नाम नाहीच मुळी. ते क्रियापद आहे. 'झाडांना पाणी घाला', इतकाच साधा अर्थ.

नाटकातला नट कपडे बदलून दुसरी भूमिका करतो. इंग्रजी शब्द मात्र पुष्कळदा त्याच कपड्यांत नवी भूमिका वठवतो! 'राउंड' या शब्दाचंच बघा ना.

'द अर्थ इज राउंड' : पृथ्वी गोल आहे. इथे तो विशेषण.
'द फर्स्ट राउंड इज ओव्हर' : पहिली फेरी संपली. इथे नाम.
'शिप्स राउंड द केप' : जहाजं भूशिराला वळसा घालतात. इथे क्रियापद.
'द व्हील टर्न्स राउंड' : चाक गोल फिरतं. इथे क्रियाविशेषण अव्यय.
'वी सॅट राउंड द फायर' : आम्ही शेकोटीभोवती बसलो. इथे शब्दयोगी अव्यय.

आहे की नाही गंमत? एकच शब्द आणि पाच जाती!

असं का झालं असावं? सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत शब्दांना वेगवेगळे प्रत्यय लागत. 'प्रेम' या नामाला 'लुफू' लिहीत, तर 'प्रेम करणे' या क्रियापदाला 'लुफियन'. पुढच्या काही शतकांत ही शेपटं झिजत गेली आणि दोन्हींसाठी 'लव्ह' हा एकच शब्द उरला. मग ओळखायचं कशावरून? तर शब्द वाक्यात कुठे बसलाय आणि काय काम करतोय, यावरून!

आपल्या मराठीतही थोडंफार असं घडतंच. 'तो मागे बसला' यात 'मागे' हे क्रियाविशेषण अव्यय, तर 'शाळेमागे मैदान आहे' यात तेच शब्दयोगी अव्यय. शब्द तोच, काम वेगळं.

म्हणून सुट्या शब्दांच्या लांबलचक याद्या घोकत बसू नका. नवा शब्द भेटला, की वहीत त्याचं एक अख्खं वाक्य लिहा. आई-बाबांनीही पाठांतर घेताना नुसता 'अर्थ सांग' म्हणण्याऐवजी 'वाक्य करून दाखव' म्हणावं. फरक लगेच जाणवेल.

आता एक काम तुमच्यासाठी. 'बॅक' हा शब्द घ्या. पाठ, मागचा, परत, पाठिंबा देणे : या चारही अर्थांची एकेक वाक्यं बनवा आणि प्रत्येक वाक्यात त्याची जात कोणती ते ओळखा. चला तर, काढा वही!