माझ्या वयाची वाईन

मी दारूला शिवत नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर घरची मंडळी रेडिओच बंद करतील. पण २०१८ साली पोर्तुगालच्या पोर्तो शहरात चार रसिक मित्रांच्या बैठकीत मी बसलो होतो. समोर पोर्ट वाईनचे तीन पेले. साल १९७०, १९७७ आणि १९९४. पण कुठल्या पेल्यात कुठलं, ते झाकलेलं. मित्र म्हणाला, ‘तू नुसतं हुंगून सांग.’ अत्तराच्या गल्लीत वाढलेलं नाक आहे माझं!

ही द्राक्षं दोरू नदीच्या खोऱ्यातली. रस आंबायला लागला की दोन-तीन दिवसांतच त्यात द्राक्षांचाच कडक मद्यार्क ओततात. आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड आणि तेजही. एकाच सालाची ‘व्हिंटेज’ मात्र दर वर्षी होत नाही; दहा वर्षांत साधारण तीनदा. दोन-तीन वर्षं लाकडी पिंपात ठेवून ती बाटलीत भरतात, मग पुढची दशकं ती तिथंच मुरते. तळाशी गाळ धरतो, म्हणून आधी अलगद निवळून घ्यावी लागते.

पांढऱ्या कागदावर पेले धरले. सर्वांत गडद तो १९९४चा, हे सोपं होतं. उरलेल्या दोहोंत एकाला सुक्या अंजिराचा वास, दुसऱ्याला भिजल्या पाचोळ्याचा. पाचोळा म्हणजे जुना, असं मी ठासून सांगितलं. चुकलो. अंजीरवाली १९७०ची निघाली, म्हणजे माझ्याच जन्मसालाची. मित्र हसले, म्हणाले, नुसत्या सालावर वय ठरत नाही, त्या वर्षीचं ऊन आणि बाटली कुठं ठेवली तेही बघावं लागतं.

पिण्याचा आग्रह कुणी केला नाही. रिकामी बाटली मी मागून आणली. अम्मीनं ती तीनदा धुतली, तरी फडताळात ठेवू दिलेली नाही.